दातऱ्या

नवतपाच्या चौथ्या दिवशी
धरणाचा भोंगा तीनदा वाजला
आणि आम्ही डांगरवाडीतले वेल ओलांडत
दातऱ्याकडे पळत सुटलो.
वाळूवर टाच टेकवायची सोय नव्हती,
चवड्यांवर पळायचं,
डोक्यावर दार घेऊन.

हो, दारच.
मच्छीमार सोसायटीची खोली वादळात बसली,
त्यातनं पत्रू मामानं ओढून आणलेलं सागाचं दार.
रंध्यानं तासलं, पुढचं टोक जाळावर धरून वाकवलं
डोंग्याचं वाकवतात तसं,
कडीच्या भोकात डांबर भरलं.
पाठीमागं अजून वाचता येतं : उधार बंद.

दातऱ्या म्हणजे अर्ध्या पात्रात आडवा पडलेला काळा खडक,
वरून गुळगुळीत, खालच्या अंगाला करवत.
त्यानं दोन डोंगे खाल्लेत, एक म्हैस,
आणि माझ्या डाव्या गुडघ्याची कातडी.

पाणी येण्याआधी त्याचा वास येतो.
मग फेस, पळसाची पानं, कुणाची तरी एक चप्पल,
आणि मग ते स्वतः.

मामा अकरा वर्षं परमुलखात पाइप जोडत होता.
"वाळू सरते तिथंच समुद्र लागते, पोरी.
मधात झाड नाही, काडी नाही.
पाण्याखाली असाच दगड हाये,
लाट त्याले ठेचकाळते
म्हणून तर उभी होते."
दर शुक्रवारी डबा घेऊन तो कड्यावर बसायचा,
फळीवर उभी राहणारी पोरं बघायचा.
"तू बसला का कधी?"
"माहं काम जोडाचं होतं."

मी छातीवर आडवी झाले, हात मारले,
दार कलंडलं, सावरलं,
आणि दातऱ्याच्या पाठीमागं जिथं पाणी स्वतःवरच उलटतं
तिथं गुडघ्यावर आले. मग पायांवर.

मामाच्या समुद्रात लाट धावते,
माणूस तिच्यासोबत किनाऱ्यापर्यंत जातो.
इथं धावतं ते पाणी.
लाट जागच्या जागी,
गोठ्यात बांधलेल्या गाईसारखी अंग हलवत उभी.
मी कुठंच गेले नाही.
अख्खी नदी माझ्या तळपायाखालून गेली,
वरच्या गावांची, धुण्याची, मढ्यांची, माशांची,
आणि मी तिथंच,
काठावरच्या मोहाच्या त्याच फांदीसमोर.
किती वेळ? मामा म्हणतो, दोन बिड्या.
मामा बिडी सावकाश ओढतो.

"दगडाकडं पाहू नको बे कांचना!"
मी पाहिलं.

पाण्याखाली आवाज नसतो, नुसता दणका असतो.
करवतीनं खांदा घासला, मी गोळा झाले, गरगरले,
खालच्या डोहात तोंड वर काढलं तेव्हा
दार माझ्या आधी पोचून वाट बघत होतं.

काठावर मामा शर्ट काढत होता.
घडी घातली. घडीत चष्मा ठेवला.
चष्म्यावर चपटा दगड, वाऱ्यानं उडू नये म्हणून.
मी कधी त्याची उघडी पाठ पाहिली नव्हती,
वेल्डिंगच्या ठिणग्यांचे पांढरे ठिपके,
कुणी तांदूळ फेकावेत तसे.
काही न बोलता त्यानं दार घेतलं
आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरला.

वर कुणीतरी चाक फिरवलं असणार.
वीजघराला हवं तेवढं पाणी पोचलं असणार.
लाट आधी गुडघ्याएवढी झाली,
मग वीतभर,
मग दातऱ्या उघडा, ओला, ऊन पीत.

मामा घोट्याएवढ्या पाण्यात
दार कवटाळून उभा.
शेंड्यांची पोट्टी टोपल्या घेऊन धावली,
खडकाच्या रांजणांत अडकलेले झिंगे वेचायला.
त्यातल्या धाकट्यानं विचारलं,
"मामा, दार कायले आनलं? घर कुठं हाये?"

मामा हसला नाही, रागावलाही नाही.
वाकून एका रांजणात हात घातला,
झिंगा काढून पोराच्या टोपलीत टाकला.
"उद्या कितीले सोडन म्हनते?"

कुणालाच माहीत नव्हतं.
भोंगा आम्हाला विचारून वाजत नाही.

परतताना वाळू जास्तच तापली होती.
मामानं दार डोक्यावर घेतलं,
मला सावलीत चालायला सांगितलं,
आणि दार उगाच थोडं माझ्या बाजूला कललेलं ठेवलं.
चष्मा काठावरच विसरला होता.
अर्ध्या वाटेवर आठवला,
तरी तो मागे वळला नाही.
म्हणाला, "राहू दे. तिथं उद्या लागनच."