भुईसफरचंद

आमच्याकडे बटाट्याला म्हणत भुईसफरचंद.
एर्डआप्फेल.
टोमॅटोचं नाव तर थेट स्वर्गातून आलेलं.
कार्मेलिटर बाजारात अठरा वर्षं
मी हेच शब्द खडूनं पाटीवर लिहिले,
खाली भाव, शिलिंग आणि ग्रोशनमध्ये.
आकडे रोज सकाळी पुसायचे,
शब्द कधी नाही.

मार्चातल्या एका शनिवारी शेजारी घरात आला.
दार फोडलं नाही त्यानं. आतूनच कुणी
कडी काढून ठेवली होती, तेही सांगायला हवं.
विमानं इतकी खालून गेली
की कोबीची पानं थरथरली.
भाची रोझविता फुलं घेऊन गेली होती,
जयजयकार करून घसा बसवून आली.
मी तिला दूध तापवून दिलं, मध घालून.

भाषा एकच.
म्हणून हुकमांना दुभाष्या लागला नाही.
म्हणून कुणालाच म्हणता आलं नाही,
काय म्हणालात? समजलं नाही.

समोरच्या गाळ्यात गिझेला लांडेसमान हंस विकायची.
(आडनावाचा अर्थ देशबांधव. तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.)
हिवाळ्यात माझ्या भेगाळल्या हातांना
हंसाची चरबी द्यायची, पैसे न घेता.
फरसबंदीवर पांढऱ्या रंगातली अक्षरं होती,
न उजाडलेल्या रविवारच्या मतदानाची.
तिला गुडघ्यांवर बसवून ती घासायला लावली.
भोवती माणसं, सगळी गिऱ्हाईकं,
कुणाला पाव किलो कांदे लागतात ते मला पाठ.
हसत होती.

बादली माझी होती.
पोरगा म्हणाला, बाई, बादली.
इतकी वर्षं मी सांगत आले, नेली.
दिली.
पाण्यात काहीतरी जळजळीत ओतलं त्यांनी.
संध्याकाळी बादली माझ्या दाराशी होती,
धुऊन, पालथी घालून ठेवलेली.
ती धुणारे हात कसे झाले असतील,
ते पाहायला मी समोर गेले नाही.

एप्रिलात मतपत्रिका आली.
होयसाठी बशीएवढं वर्तुळ,
नाहीसाठी मसुराएवढं.
माझी पेन्सिल कुठे टेकली ते विचारू नका.
एवढं मोठं वर्तुळ चुकवायला
हात फार स्थिर लागतो.

मग उत्तरेकडचा निरीक्षक आला.
सभ्य माणूस, टोपी काढून बोलला,
पाटीवर कार्टोफेल लिहा,
सगळीकडे एकच शब्द बरा.
मी ओलं फडकं फिरवलं.
अठरा वर्षांचा खडू, लगेच नाही निघाला.

समोरचं फळकूट तेव्हा बंदच होतं.
दगडांच्या सांदीत एखादं पीस अडकलेलं.

तळघरातल्या पोत्यांना मात्र
देश बदलल्याचं कुणी कळवलं नव्हतं.
अंधारात त्यांना डोळे फुटत राहिले.
मी रोज रात्री सुरी घेऊन बसायची,
एकेक काढत.