नुकसानीचा तपशील

नोटीस दाराला नाही लावली,
दारासमोरच्या कडुलिंबाला लावली, चार खिळे ठोकून.
आमच्या हॉलला त्यात म्हटलंय 'भूखंडावरील जीर्ण बांधकाम'.
हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी.
आज सव्विसावा.

लिहिणार कोण, तर मी.
आमच्या वयाच्या बायकांत मराठी शाळेत सातवीपर्यंत
गेलेली मी एकटी.
बाकीच्या तेलुगूत सांगतात, मी मराठीत उतरवते,
आणि मांडीवरचं सूप काही खाली ठेवत नाही.
हजार विड्या द्यायच्यात सकाळी,
हरकत असो वा नसो.

अर्जात एक रकाना आहे: नुकसानीचा तपशील.

मल्लेशममामा म्हणतात, लिही,
गिरणीचा भोंगा थांबला त्या साली
आठ महिने गल्लीत एकच चूल होती,
ती इथं पेटायची.
इराबत्तींची राजेश्वरी म्हणते, लिही,
माझं लग्न इथं लागलं, काडीमोडही इथंच झाला,
त्याच पंचांसमोर, त्याच सतरंजीवर.
गुर्रमची धाकटी म्हणते, अभ्यास.
एवढंच म्हणते.
तिच्या घरी एका खोलीत दोन माग आणि सहा माणसं,
माग झोपले तर माणसं झोपणार.
परीक्षेच्या महिन्यात ती इथल्या ट्यूबलाइटखाली बसते
आणि दार अर्धं उघडं ठेवते,
आईला समोरून दिसावं म्हणून.

रकाना दीड इंचाचा.
मी पाठपोट लिहिते.

खोटं मात्र लिहायचं नाही.
हॉल गळतो. मोरीचं दार दोन वर्षं नाही.
श्रीनिवास तर तोंडावर म्हणाला,
भिंतीला काय कवटाळताय,
एखादी खोली पदरात पडत असेल तर पाडून घ्या की.
त्याच्या तीन पोरी. मी त्याला काही बोलले नाही.
त्याचंही लिहिलं होतं, मग खोडलं,
मग पुन्हा लिहिलं.

बिल्डरच्या माणसानं गुळगुळीत कागद वाटले.
बारा मजले, नाव 'लूम रेसिडेन्सी'.
इमारत मागाच्या नावाची,
आणि आत माग लावायला बंदी.
तळमजल्यावर क्लबहाउस, फक्त रहिवाशांसाठी.
शेजारी निळाशार पोहण्याचा तलाव.
तो कागद सगळ्या सुपांवरून फिरला
आणि अंबूबाई इतकी हसली की तिला ठसका लागला.
प्यायचं पाणी पाचव्या दिवशी येतं आमच्याकडे,
यांच्याकडे पोहायचं येणार!

मीटिंग रंगात आली होती.
तेवढ्यात गल्लीच्या टोकावरून कुणीतरी ओरडलं,
नीळ्ळु वच्चिनय!
आणि अर्धा हॉल रिकामा.
घागरी, ड्रम, पाइप, शिव्या.
सह्या राहिल्या. मी तशीच बसले,
अर्ज मांडीवर, पंखा डोक्यावर टकटकत.

मालकीचा कागद आहे का, साहेबांनी विचारलंय.
कागद नाही.
भांडी आहेत.
आतल्या खोलीत, पत्र्याच्या कपाटामागे,
लग्नाकार्याला गल्लीभर फिरणारी भांडी,
ठिपक्याठिपक्यांनी नावं घातलेली.
कुणी पहिल्या बोनसची बादली दिली,
कुणी मेलेल्या लेकराच्या नावाचं पातेलं.
एका मोठ्या परातीवर नाव आहे बिल्डरच्या आजीचं.
ती माझ्या सासूशेजारी बसून विड्या वळायची.
त्याला हे ठाऊक नसेल.
किंवा असेल, आणि तेच टोचत असेल.

सोमवारी सुनावणी.
ठरलंय असं, की कुणी घोषणा द्यायच्या नाहीत.
प्रत्येकानं एक भांडं डोक्यावर घ्यायचं
आणि चालत जायचं महापालिकेपर्यंत,
उन्हात, चटका बसला तरी.
साहेबांच्या टेबलावर मावतील तेवढी टेबलावर,
बाकीची जिन्यात.

पाणी गेल्यावर बायका परतल्या,
ओल्या लुगड्यांनी सह्या केल्या,
दोन सह्यांवर थेंब पडून शाई पसरली.
मग मी कंदील घेऊन आत गेले आणि मोजलं.
एकसष्ट नग.
एक झारा कमी भरतोय.
कुणाकडे आहे ते मला माहीत आहे.
सोमवारी तोही घेऊन ये, असं सांगून आलेय
श्रीनिवासच्या बायकोला.