उलटा भांग

कापड आधी धुऊन घ्यायचं, असं मेल्विनाने फोनवर सांगितलं,
आणि मग कुत्र्याच्या गुडघ्याबद्दल अर्धा तास.
कापड म्हणजे घरातलीच चादर,
मधोमध विरलेली, कडांना अजून दमदार.
ती मासे गुंडाळायच्या कागदावर इस्त्रीने चिकटवायची,
गुळगुळीत बाजू कापडाकडे.
त्या कागदाची आमच्याकडे काय वाण!
वडिलांनी त्यातच कॉड बांधला तीस हिवाळे,
वर पेन्सिलीने तारीख घालून.

प्रिंटरला हे पटत नाही.
एक सुटा धागा दिसला की तो दातच लावतो.
एल्डनकाका गळ्यापर्यंत छापून आले
आणि तिथेच अडकले.
चिमट्याने सोडवले.
एरवीही ते कुठल्या खोलीत धड आत यायचे नाहीत,
दारातच उभे, टोपी हातात.

मग वाळवणं, कागद सोलणं, थंड पाण्यात बुडवणं.
मेल्विना म्हणते व्हिनेगर घाल, डबा म्हणतो नको.
मी थोडं घातलं.
पाण्यात फिकट गुलाबी उतरला,
कोणाच्या गालातला, कळलं नाही.
खिडकीबाहेर खाडीत बर्फाच्या लाद्या एकमेकींना खेटून,
एप्रिल असून.

अठरा चौकोन झाले. लागणार वीस.
मासळीचा कागद संपला
(संपेल असं आयुष्यात वाटलं नव्हतं),
म्हणून दुकानातला तयार कागद आणला,
ज्याच्यावरून चित्र इस्त्रीने कापडात उतरतं.
फोटो आधी उलटा फिरवून घ्या,
पाकिटावर ठळक लिहिलं होतं.
चष्मा वरच्या मजल्यावर होता.

तर आई उलटी आली.
तेविशीतली, होडीला टेकून, वाऱ्याने डोळे बारीक.
होडीचं नाव मागून पुढे,
अंगरख्याची बटणं पुरुषांच्या बाजूला,
डावा भांग उजवीकडे.
टाकूनच देणार होते.
पण वारा असा की दुकानापर्यंत कोण जाणार,
आणि चौकोन तर हवाच होता.
खालच्या कोपऱ्यात लावला, पायांकडे,
जिथे कोणी बघत नाही.

होममध्ये खोली नऊ.
गोधडी मांडीवर पसरली.
आईने एकेका माणसावर हात फिरवला,
गाडीच्या काचेवरचं दव पुसावं तसा.
वडिलांवर थांबली: हा गृहस्थ बरा दिसतो.
माझ्यावर: ही कोणाची गं, एवढी रडकी?
तिच्या लग्नातला फोटो सरळ छापला होता, अगदी नीट,
छातीवर येईल असा.
त्या नवरीला तिने ओळख दिली नाही.
चेहरे गेले तिचे, डॉक्टर म्हणाले होते, आधी स्वतःचाच जाईल.

मग गोधडी फिरवताना कोपरा वर आला.
ती वाकली.
कापडात बघत बघत
डोक्याकडे हात नेला, नखाने भांग सरळ केला,
जिभेने बोट ओलं करून भुवई बसवली.
एकही हालचाल चुकली नाही.
“एफी,” ती त्या चौकोनाला म्हणाली,
“पीठ लागलंय गालाला.”
आणि स्वतःचा गाल पुसला.

पोर्चमध्ये मोरीवर एक आरसा होता,
पारा उडालेला, वडिलांच्या दाढीच्या उंचीचा.
ती टाचा उचलून त्यात बघायची, रोज,
चुली पेटायच्या आधी.
तिथे तिला जी भेटायची
ती आम्ही कोणी कधी पाहिलीच नाही.
आमची आई नेहमी समोरून दिसलेली,
डावीकडे भांग असलेली.

मी काही बोलले नाही.
होडीचं नाव तिने वाचलं नाही. मी वाचलं,
शेवटच्या अक्षरापासून, हळूहळू, माझ्याच वडिलांची होडी.

नर्स आली, चांगली पोरगी, नखं निळी.
म्हणाली, सुंदर आहे हो. धुवायची कशी?
थंड पाण्यात, मी म्हटलं.
पिळू नका.
आणि हो, पायांकडचा तो कोपरा
रात्री वर घ्या, तोंडाकडे.