पानं भिजवायचं पिंप

निपाणीत रविवारी आम्ही शटर अर्धंच वर करतो.
वाकून आत यायचं.
मधाळे पाळक म्हणतात, बरं आहे,
दारातच गुडघे वाकतात.
पण हसत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात चार पोरं आली
मोबाईल समोर धरून.
कोण काय वाटतंय इथं, म्हणाली.
चहासाठी आणलेली साखरेची पुडी सापडली,
तिचाही फोटो काढला.
तेव्हापासून पेटी कापडात.
गाणी आम्ही ओठांच्या आतल्या अंगानं म्हणतो.

मी खजिनदार. म्हणजे बिस्किटाचा डबा माझ्याकडं.
दशांशाच्या नोटांना तंबाखूचा वास येतो,
माझा, शेवंताचा, दोघी घस्ते बहिणींचा.
हजारामागं मिळतं त्यातनं छाट वजा,
उरलं त्याचा दहावा हिस्सा.
आणि पाळक सांगतात, तंबाखू पाप.
ओढणं पाप, विकणं पाप,
वळणं...
तिथं त्यांना खोकला येतो.
त्यांची मालन रात्री माझ्या सोप्यात बसून
पाचशे वळून जाते. खोलीचं भाडं.
त्यांना ठाऊक आहे. देवालाही असेल.

दाखल्यावर आम्ही दुसरेच कोणी आहोत.
त्या दाखल्यावर माझ्या योएलची फी माफ झाली.
तिथं त्याचं नाव युवराज.
पाळक म्हणतात, खोटं ते खोटंच.
मी मान हलवते,
आणि दाखला लॅमिनेट करून आणते.

योएल आता बेळगावला जातो, मोठ्या मांडवात.
तिथं लंगडे चालतात, कर्जं फिटतात, असं सांगतो.
परवा म्हणाला, आई, तुमचा देव लई गरीब.
मी पान कापत होते. कात्री थांबली नाही.
म्हटलं, जेवलास का.

आणि ही सुलभा. कोडणीची, बावीस वर्षांची.
शेजारी बसून विड्या वळायची,
मी गुणगुणायची.
एक दिवस दुसरी ओळ तिनंच धरली.
मग विचारायला लागली, मग मी सांगायला लागले,
सूप मांडीवर, दोरा दातात, असं दोन वर्षं.

कचेरीत गेलो. अर्ज कन्नडात.
माझी नात अक्षरावर बोट ठेवून वाचत होती.
कारकुनानं मान वर केली:
यार हेळ्यार निमग? कुणी सांगितलं तुला?
सुलभा म्हणाली, यारू इल्ल.
मराठीत विचारलं असतं
तर कदाचित जास्त बोलली असती.
बरं झालं.

महिनाभर थांबलो. महिन्यात तिच्या भावाला कळलं,
तिची सायकल विहिरीत गेली.
ती चालत यायला लागली.

मग पाळकांनीही विचारलं, हिला शिकवलं कुणी?
आमच्यात बाईनं शिकवायचं नसतं.
मी डब्याचं झाकण लावत होते.
म्हटलं, यारू इल्ल.
त्यांनी माझ्याकडं बघितलं,
मग मालनच्या बोटांकडं,
आणि तारीख सांगितली.

माझा बाप्तिस्मा वेदगंगेत झाला होता, भर दुपारी,
म्हशी बघत होत्या, धुणं धुणाऱ्या बाया सरकून बसल्या,
एकीनं वर आल्यावर टॉवेल दिला.
आता नदी नको, म्हणाले पाळक.
शिंपडून भागवा, म्हटलं कुणीतरी.
वरच्या गल्लीतल्या दगडी चर्चात तसंच करतात,
पण त्यांच्या दोन कमिट्या आणि दाराला दोन कुलुपं.
पाळक ठाम. बुडायला पाहिजे. केसासकट.

मग राहिलं ते माझं निळं पिंप,
पानं भिजवायचं.
राखेनं घासलं, लिंबानं घासलं,
सोड्यानं घासलं. नातीला आत उभी केली,
तळ खरवडायला.
वास काही जाईना.

शनिवारी रात्री अकराला, शटर पूर्ण खाली.
बुटकी आहे सुलभा, पिंपात मावली.
पाळकांनी डोक्यावर हात ठेवला, हलक्या आवाजात नाव घेतलं,
ती खाली गेली, पाणी काठावरून सांडलं,
माझ्या पायावर आलं, कोमट.

वर आली तेव्हा खोकत होती.
केसात पानाचा एक तुकडा,
कसा राहिला कोण जाणे.
मालननं तो काढला,
फेकावा की ठेवावा तिला कळेना,
मुठीत धरून उभी राहिली.

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल थांबली.
आम्ही सगळे पाणी टपकण्याचा आवाज ऐकत.
मग ती पुढं गेली.