दोन ओहम

सकाळी साडेसहाला, कडुलिंबाखाली,
नान्हेच्या पंपाची वायंडिंग मोजली.
दोन ओहम. बाबूजी म्हणाले, लिहून ठेव.
दुपारी अडीचला तीच मोटार, तीच दोन टोकं,
टिनाखाली सत्तेचाळीस अंश.
मीटर म्हणालं, दोन पूर्णांक सतरा.

मोटार चाललीच नव्हती.
नुसती बसून होती, आमच्यासारखी.

तांब्याच्या आत कण रांगेनं उभे असतात,
रोवणीच्या बायांपेक्षाही सरळ.
त्यांच्यामधून इलेक्ट्रॉन जातात,
कुण्या एका घरचे नसलेले.
रांग नीट असली तर त्यांना कोणी अडवत नाही.
पण ऊन चढलं की जो तो जागच्या जागी थरथरतो,
जागा सोडत नाही,
आणि जाणाऱ्याला खांदा लागतो.
पुस्तकात याला प्रतिकार म्हणतात.
मला तो शब्द फार भांडखोर वाटतो.
इथं कोणीच कोणाशी भांडत नाही.

पुस्तक ब्रह्मपुरीच्या कॉलेजचं,
शेवटच्या वर्षाचं, परत करायचं राहिलेलं.
त्याच्या पानांना आता वार्निशचा वास आहे.

बाबूजींचे हात दोन वर्षांपासून थरथरतात.
फेरे मी घालते, ते खाटेवरून आवाजानं मोजतात.
एकशे सव्वीस, मी म्हणते.
"चोवीस झाले व, पोरी."
उकलून पाहिलं तर चोवीसच.

परवा उपकेंद्रातली शेवंता गेडाम आली, घामाघूम.
"लसीच्या फ्रिजले भर दुपारीच करंट कावून कमी पडते?
ऊन त एवढं ओकून रायलं!"
मी म्हटलं, ऊन येगळं, तपणं येगळं.
पत्र्यावरची पाटी सिलिकॉनची आहे,
तिचा कायदा तांब्याच्या उलटा.
तिथं इलेक्ट्रॉन बांधलेले असतात, खालच्या मजल्यावर.
वर दुसरा मजला आहे, मोकळा.
मधे जिना नाही, पायरी नाही,
उभं राहायला बोटभर जागा नाही.
उजेड त्यांना उचलून वर ठेवतो.
ताप आपल्या परीनं चार जणांना वर ढकलतो,
वाट सोपी होते,
पण व्होल्ट उतरतात.
शेवंता म्हणाली, "म्हणजे माणसं वाढली, पगार घटला?"
मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

पाटीच्या मागून आम्ही ओली पोती बांधली,
शिडी तिनं धरली.
तासाभरात दीड व्होल्ट वर आले.
तिनं रजिस्टरात लिहिलं: फ्रिज ठीक.
पोत्यांसाठी रकाना नव्हता.

घरी पितळेचा लोटा आणि सागाचा पाट,
एकाच ओसरीवर, एकाच अंशावर.
दुपारी लोटा चटका देतो,
पहाटे तोच गार.
पाट दोन्ही वेळा पाटच.
पितळेत जे वीज नेतात, तेच तापही वाहतात,
घाईघाईनं, हाताकडे किंवा हातापासून.
लाकडात कोणाला घाई नाही.

पुस्तकात खाली, बारीक अक्षरात आहे:
कितीही थंड करा, अगदी शेवटच्या शून्यापर्यंत,
थरथर पुरती थांबत नाही.
मी हे बाबूजींना वाचून दाखवलं नाही.
मग एकदा दाखवलं.
ते म्हणाले, "मंग मीटर काय दाखवते तिथं?"

मेमध्ये रात्री, दहाच्या थोडं पुढं,
लाईट गेलेली असते,
आणि अशी एक वेळ येते
जेव्हा हवा आणि कातडी एका अंशावर येतात.
तेव्हा लोटा ना गार, ना गरम.
बाबूजींचा हात त्यावर असतो,
पाणी किंचित हलत असतं,
आणि अंधारात हात कुठं संपला
ते त्यांनाही सांगता येत नाही.

मी मीटर लावलेलं नाही.
उद्या नान्हे मोटार न्यायला येईल,
सकाळी, दोन ओहमच्या वेळी.