बोलकी केबल

अर्जुनीहून येताना रेल्वे फाटकाच्या अलीकडं माझं दुकान.
झेरॉक्स, सातबारा, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन.
भिंतीत एक खिळा, खिळ्याला केबलींचा गुंता.
त्यातल्या निम्म्या नुसत्या जेवू घालतात:
मोबाइलचं पोट भरतं,
पण कॉम्प्युटरशी अवाक्षर नाही.
बोलकी कोणती, ते दर वेळी लावूनच पाहावं लागतं.

फुलवंता दिघोरे आली
मासोळ्यांची डाली बाहेर सावलीत उतरवून,
हात पदराला तीनदा पुसून.
युरियाच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळलेला मोबाइल.
काच तडकलेली, उजवीकडचा खालचा कोपरा मेलेला,
बोट दाबा, नख मारा, फुंकर घाला,
हूं नाही की चूं नाही.
"देरानं नेला होता तरावात, पडला.
पर आवाज असन ना बापू आत? माह्या सासऱ्याचा?"

पहिली केबल मुकी.
दुसरीही.
तिसरी लावली तसा कॉम्प्युटर टुणकन वाजला,
मोबाइलचं नाव उमटलं, उघडलं,
आत पांढरं. काहीच नाही.
"गेलं?"
गेलं नव्हतं. मोबाइल विचारत होता,
या कॉम्प्युटरला आत येऊ देऊ का?
आणि 'हो' नेमकं त्या मेल्या कोपऱ्यात.
'नाही' मात्र धडधाकट,
चुकून बोट लागलं की लगेच ऐकायचं.

चार वेळा 'नाही' झालं.
केबल काढ, केबल लाव.
मागं सोलर पंपाच्या अर्जाला दोघं खोळंबलेले,
एकानं सांगितलं, नवीन घ्या.
मी थुंकी लावून पाहिली, काय सांगू,
पंधरा वर्षांचा धंदा आणि थुंकी.

मग तिनंच तो माझ्या हातून घेतला
आणि आडवा केला,
शिंगूर जाळीतून सोडवताना
काटा चुकवून फिरवतात, तसा सहज.
पडदा फिरला. त्यासोबत 'हो'ही फिरलं,
मेल्या कोपऱ्यातून सरकत
जित्या काचेवर आलं.
तिनं अंगठा टेकवला.

दोनशे चौदा फायली.
नावं नाहीत, नुसत्या तारखा, आकडे.
मी म्हटलं, कट नाही करत, कॉपी करतो.
(एकदा कट केलं होतं, मधेच लाइन गेली,
बाक्टीच्या एका साक्षगंधाचे फोटो
ना इकडं राहिले ना तिकडं.
त्या घरचे अजून फाटकापलीकडच्या दुकानात जातात.)
पट्टी हिरवी होत चालली.
दोन मिनिटं राहिली. मग तीन तास. मग चाळीस सेकंद.
"यालेच नाही मालूम, कवा होईन ते," ती हसली.

झाल्यावर विचारलं तिनं, आता ते कुठं हाये?
म्हटलं, दोन्हीकडं.
ती थोडा वेळ गप्प.
"मासोळीचं असं नाही होत.
या बोडीतून त्या बोडीत सोडली,
की या बोडीत नसते."

पेनड्राइव्ह नव्हता तिच्याकडं.
म्हणून ते माझ्याच कॉम्प्युटरवर,
'लग्नपत्रिका नमुने' आणि 'जातीचे दाखले' यांच्या मधे,
'फुलवंता तराव' नावानं.
वीस रुपये झाले. दहाच घेतले,
दहा तिनं खाली डालीत हात घालून फेडले.

रात्री शटर अर्धं ओढून एक फाइल लावली.
वारा. खोकला. लांबून गोंदियाची गाडी.
मग म्हाताऱ्याचा आवाज, घाई अशी नाहीच:
दाडक. मुरी. बोटरी. कटवा.
मधे बराच वेळ पाणीच.
"एक अजून होती. थांब, आठवते."
आणि फाइल संपली.

पुढची लावली. तिच्यात शेळी ओरडते नुसती.
त्याच्या पुढची लावली.

सकाळी दुकान उघडल्यावर आधी
त्या तिसऱ्या केबलीला लाल दोरा बांधला.