सालमी रोडसाठी बनियन

फहाहीलच्या सूकमागे, शिंप्यांच्या गल्लीत,
परकारचाचांचं दुकान: रुंदी एका खाटेची,
लांबी दोन खाटांची.
खाटांचं माप मला चटकन कळतं.

म्हटलं, थंडीचं काहीतरी द्या.
"काहीतरी म्हणजे? काम उभ्याचं की हालचालीचं?"
असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.
कंपनीनं जाकीट दिलंय नारिंगी, पाठीवर चमकत्या पट्ट्या,
म्हणजे गाडीवाल्यांना मी दिसावा.
थंडीला तर आधीपासूनच दिसतो.

सांगितलं: रात्रपाळी, सालमी रोड, पाइपलाइन.
दोन तास खोदायचं,
मग वेल्डर येईपर्यंत नुसतं उभं.
वारा इराकच्या अंगानं सुटतो
आणि मधे एक झुडूपही त्याला थांबवून
कुठे चाललास विचारत नाही.

"मग सुती विसर."
माझ्याच बनियनची कड त्यांनी दोन बोटांत धरली,
वैद्य नाडी धरतो तशी.
"हे घाम पितं आणि पिऊन तिथंच बसतं.
तू थांबलास की तोच घाम
पाठीवर ओलं फडकं."

खरं होतं. परवा धनबहादूरनं
सुती बनियनवर तीन स्वेटर चढवले,
खोदताना पातेल्यासारखा वाफाळला,
आणि तीन वाजता दात वाजायला लागले तेव्हा
आम्ही त्याला जनरेटरच्या गरम बाजूला
भिजल्या चपलेसारखं टेकवून ठेवलं.

चाचांनी तीन घड्या समोर टाकल्या.

काळी, चिनी, पावणेदोन दिनार.
"ही घाम साठवत नाही. पुढं पाठवते."
मी हसलो. म्हटलं, आपल्यासारखीच.
ते हसले नाहीत. नुसती घडी सरळ केली.

दुसरी जाड, आतून लव.
बोटं घातली ती काढवेनात.
"ही वॉचमन नेतात. खोदशील तर उकडशील."

तिसरी लोकरीची, इतकी पातळ की शंका यावी.
"भिजली तरी ऊब सोडत नाही. आठवडाभर वास धरत नाही."
चौदा दिनार.
चौदाला मी मनात रुपयांत नेलं,
रुपयांना राजापूरला,
तिथून मुलीच्या क्लासच्या पायरीपर्यंत,
आणि घडी हळूच परत ठेवली,
दुसऱ्याचं झोपलेलं बाळ ठेवावं तशी.

घरी फोनवर सांगितलं होतं थंडीचं.
बायको म्हणाली, मग एसी कमी करायला सांगा ना.
तिच्या मनातलं अरबस्तान बारा महिने तापलेलं.
मीच तसं पाठवलंय, फोटोंतून.

"एक्सएल द्या, धुतल्यावर आटेल."
"हे आटत नाही. आणि सैल घेऊ नकोस.
सैल बनियन म्हणजे थंडीला बेडस्पेस."
मीडियम, मग. अंगाबरोबर.
वाकलं तरी कमरेतून न सुटणारं,
खांद्यावर, जिथं पट्टा बसतो, तिथं शिवण नसलेलं.
दोन घेतली: एक अंगावर, एक दोरीवर.
साडेतीनचे त्यांनी सव्वातीन घेतले.

निघताना विचारलं, तुम्ही कुठलं घालता?
चाचांनी स्वेटरची बाही वर सारली.
सुती. पांढरं. कोपराशी विरलेलं.
"मी कुठं बाहेर असतो?" म्हणाले.
"एकतीस थंड्या ह्या काउंटरमागेच गेल्या."

आज वारा आहेच.
खोदलं. थांबलो. पाठ कोरडी.
नारिंगीच्या आत स्वेटर, स्वेटरच्या आत
ते काळं, कुणाला न दिसणारं,
आपलं काम करतंय.

दोरीवरचं दुसरं धनबहादूरनं घातलंय.
बाह्या त्याला दोन बोटं आखूड.
मनगटांत वारा शिरतो म्हणतो.
मी म्हटलं, मग आज
फक्त मनगटंच जनरेटरला टेकव.